ज्युनिपरवरची केशरी बुरशी: कोथरूडच्या गच्चीवरचं एक प्रकरण

प्रश्न सरळ होता. कोथरूडमधल्या एका गच्चीवरचं जुनं ज्युनिपर, म्हणजे एक सूचिपर्णी झाड, जाळून टाकायचं की ठेवायचं? ऑगस्ट महिना, आठवडाभर सतत रिपरिप, आणि झाडाच्या खालच्या दोन फांद्यांवर चकचकीत केशरी, बुळबुळीत गोळे फुटलेले. झाड ज्यांचं त्या काकू निवृत्त शिक्षिका. बोन्सायचा नाद त्यांना नोकरीत असल्यापासूनचा. हे ज्युनिपर त्यांनी उरुळी कांचनच्या एका रोपवाटिकेतून पिशवीतलं रोप म्हणून आणलं आणि तारा बांधत, छाटत वीसेक वर्षं वाढवलं. फोनवर त्या म्हणाल्या, "अगं, सगळे सांगतायत की हा तांबेरा आहे, बाकीच्या झाडांना लागायच्या आत जाळून टाका. तू एकदा नजर घालून जा, मग काय ते ठरवू."

मी वनस्पतिरोगशास्त्र शिकवते, त्यामुळे असे फोन पावसाळ्यात येतात. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण तांबेऱ्याचा, म्हणजे केशरी-तांबूस बुरशीच्या रोगाचा, संशय इथे अजिबात वेडगळ नव्हता. संशयाला पूरक अशा बऱ्याच गोष्टी त्या एकाच गच्चीवर जमल्या होत्या. आणि ज्या बुरशीकडे सगळ्यांचे डोळे लागले होते तिच्यापासून वीतभर अंतरावर दुसरी एक बुरशी शांतपणे झाडाचं खरं नुकसान करत होती.

झाडाची हकिकत

झाड चिनी ज्युनिपर, म्हणजे ज्युनिपेरस चायनेन्सिस. पुण्यात मोरपंखी म्हणून जे विकतात ते वेगळं, थुजाच्या गोतावळ्यातलं. दुकानात औषध विचारताना लोक एकाचं नाव दुसऱ्याला लावतात, म्हणून हे आधी सांगितलं. काकूंचं झाड उथळ कुंडीत होतं. माती तांबडी, तिच्यात शेणखत आणि थोडी वाळू. अशी माती उन्हाळ्यात विटेसारखी आवळते आणि पावसाळ्यात दिवसेंदिवस ओली राहते. गच्चीवर हिरवी शेडनेट, तिच्याखाली चाळीसेक कुंड्या एकमेकींना खेटून. पाणी संध्याकाळी, पाइपने, वरून.

गेल्या वर्षी मे महिन्यात काकू-काका रत्नागिरीला गेले असताना शेजाऱ्यांकडून पाणी चुकलं आणि खालच्या दोन फांद्या वाळल्या. ज्युनिपर मेलेलं लगेच दाखवत नाही, फांदी आतून गेल्यावरही काही आठवडे हिरवी दिसते. त्यामुळे काकूंना ते जूनच्या शेवटी कळलं. त्यांनी निराश न होता त्या फांद्यांची साल सोलून त्यांचे 'जिन' केले. बोन्सायमध्ये अशी सोललेली, पांढुरकी मृत फांदी मुद्दाम ठेवतात, झाडाला वय दिसतं. तिला लाइम सल्फर, म्हणजे मृत लाकूड टिकवणारं चुना-गंधकाचं द्रावण, लावायचं राहून गेलं, कारण पाऊस सुरू झाला होता.

आता दुसरं झाड. काकांनी दोन हिवाळ्यांपूर्वी हरिमन-९९ सफरचंदाचं रोप मागवून ड्रममध्ये लावलं होतं. हिमाचलमधल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मा यांनी निवडलेली ही जात कमी थंडीतही फळते, म्हणून महाराष्ट्रात हौशी लोकांनी ती बरीच लावली आहे. ड्रम ज्युनिपरपासून चार हातांवर. यंदा जूनच्या अखेरीपासून सफरचंदाच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसू लागले होते.

ऑगस्टमध्ये केशरी गोळे दिसले तेव्हा काकूंच्या ओळखीतल्या एका अनुभवी बोन्सायवाल्यांनी फोटो पाहून थेट निदान केलं: ज्युनिपरवर केशरी जेली, शेजारी सफरचंदावर ठिपके, म्हणजे तांबेरा. काकूंच्या पुतण्याची नारायणगावला द्राक्षबाग आहे. बागाईतदाराला बुरशी दिसली की हात पंपाकडे जातो, आणि त्याच्या पिकात ते बरोबरही असतं. त्याने रविवारी येऊन हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक फवारलं. सोमवार-मंगळवार उघडीप मिळाली आणि जेली जवळजवळ नाहीशी झाली, फांदीवर नारिंगी पापुद्रा तेवढा उरला. घरात सुटकेचा निःश्वास. गुरुवारी पुन्हा झड लागली आणि शुक्रवारी सकाळी गोळे होते तसे हजर. यानंतर "औषधालाही दाद देत नाही, जाळाच" हा सल्ला पक्का झाला.

संशय घेतला ते योग्यच होतं

ज्युनिपरवरच्या तांबेऱ्याचं कुळ जिम्नोस्पोरँजियम. गव्हाच्या तांबेऱ्याचं ते नातलग, पण वागणं आपलं वेगळं. या बुरशीला जगायला दोन झाडं लागतात: एक ज्युनिपर, दुसरं गुलाबाच्या कुळातलं, म्हणजे सफरचंद, नाशपाती, क्विन्स, हॉथॉर्न असं काहीतरी. ज्युनिपरवर ती फांदीत घर करते. काही जातींत फांदी लांबट फुगते, काहींत गोल गाठ येते. वसंतातल्या पावसात या गाठींतून केशरी, जेलीसारख्या जिभा किंवा शिंगं बाहेर पडतात. अमेरिकेतल्या ईस्टर्न रेड सिडारवर, जो नावाने सिडार असला तरी ज्युनिपरच आहे, ही गाठ गोल्फच्या चेंडूएवढी होते आणि पावसात तिच्यातून चहूबाजूंनी केशरी शेपट्या लोंबतात. ज्याने एकदा असा फोटो पाहिला त्याला ज्युनिपरवर केशरी जेली दिसली की तो आठवणारच.

त्या जेलीत लाखो बीजाणू असतात. ओलावा काही तास टिकला की ते तिथेच रुजतात आणि वाऱ्यावर जाणारे नवे, नाजूक बीजाणू सोडतात. हे नवे बीजाणू ज्युनिपरला पुन्हा लागू शकत नाहीत. त्यांना सफरचंदाचं किंवा त्याच्या भावकीतलं पानच हवं. तिथे एक ते तीन आठवड्यांत पानाच्या वरच्या बाजूला पिवळा-केशरी ठिपका येतो, त्याच्या मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढे दाणे दिसतात. उन्हाळा सरता सरता त्याच ठिपक्याच्या खाली, पानाच्या पाठीवर, बारीक नळ्यांचे झुबके येतात. त्या नळ्यांतले बीजाणू परत ज्युनिपरकडे जातात. सफरचंदावरून सफरचंदावर हा रोग जात नाही. रेड सिडारवरच्या जातीत बीजाणू ज्युनिपरवर उतरल्यापासून गाठीला केशरी शेपट्या फुटेपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ जातो.

दोन झाडांवरची ही दोन रूपं एकाच बुरशीची आहेत हे सहज लक्षात येण्यासारखं नव्हतं. युरोपात ज्युनिपरवरची जेली आणि नाशपातीच्या पानावरची जाळी या दोन वेगळ्या बुरशा समजल्या जात. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ अँडर्स ओर्स्टेड यांनी १८६५ मध्ये एकीचे बीजाणू दुसऱ्या झाडावर घालून तो संबंध दाखवला. त्याच वर्षी जर्मनीत डी बारी यांनी गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याचं बार्बेरी झुडपाशी असलेलं नातं प्रयोगाने सिद्ध केलं. आपल्याकडे गव्हाच्या तांबेऱ्यावर महाबळेश्वरला संशोधन केंद्र आहे, पण भारतातल्या गव्हात बार्बेरीचा वाटा नाही. रोगाचे बीजाणू डोंगराळ, थंड भागात गव्हावरच तग धरतात आणि वाऱ्याने मैदानात उतरतात हे आग्र्याच्या के. सी. मेहता यांनी दाखवलं. एकाच गटातल्या बुरशा अशा वेगवेगळ्या वाटांनी जगतात, म्हणून पुस्तकातलं चित्र आणि समोरची गच्ची यांत घाईने बरोबरचं चिन्ह टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि "जाळा" हा सल्लाही आकाशातून पडलेला नाही. व्हर्जिनिया राज्याने १९१४ मध्ये सफरचंदाच्या बागा वाचवायला कायदा केला: बागेपासून दोन मैलांच्या आत रेड सिडार असतील आणि तांबेऱ्याचा धोका असेल तर ते तोडता येतील. ज्यांची झाडं तोडायची होती ते न्यायालयात गेले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि १९२८ मध्ये, मिलर विरुद्ध शॉएन या खटल्यात, न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. तिथे ज्युनिपरचा बळी सफरचंदासाठी गेला. ज्युनिपर स्वतः या रोगाने सहसा मरत नाही, हे या गोष्टीत हरवून जातं. म्हणजे काकूंच्या झाडाला तांबेरा असता तरी झाड जाळण्याचं कारण नव्हतं. फुगलेला भाग कापून सफरचंद दूर हलवणं पुरेसं होतं.

झाडासमोर

मी गेले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता, त्यामुळे जेली पूर्ण भरात होती. रंग गडद केशरी, गोळे वाटाण्याहून लहान, काही एकमेकांत मिसळून मेंदूच्या वळ्यांसारखे झालेले. बोटाने दाबले तर लवचीक, थोडे निसटणारे.

रंग आणि पोत यांवरून काहीच ठरत नाही. तांबेऱ्याची जेलीही अशीच असते. मी पाहिली ती जागा. केशरी गोळे फक्त सोललेल्या जिनवर होते, साल नसलेल्या, पंधरा महिन्यांपूर्वी मेलेल्या लाकडावर. जिवंत सालीच्या सीमेपाशी ते थांबले होते, एकही गोळा पलीकडे नव्हता. तांबेरा ही पूर्णपणे जिवंत पेशींवर जगणारी बुरशी आहे. यजमान मेला की तिचंही अन्न संपतं. वर्षाहून जुन्या, सोललेल्या, कोरड्या काष्ठावर ती नव्याने उगवू शकत नाही. माझ्यासाठी निम्मं निदान इथेच झालं.

मग फांद्या चाचपल्या. बोटं फिरवत वरपासून बुंध्यापर्यंत गेले: कुठेही फुगवटा नाही, गाठ नाही, साल खडबडीत होऊन फाटलेली नाही. तारेचे जुने वळ होते, पण ते वेगळे ओळखू येतात, कारण ते मळसूत्रासारखे फिरत जातात.

सफरचंदाची पानं उलटी करून पाहिली. ठिपके तपकिरी, कडा जांभळट, मध्य फिकट, दोन्ही बाजूंनी सपाट. वर केशरी दाणे नाहीत, खाली नळ्या नाहीत. आणि इथे घटनांचा क्रमच उलटा होता. तांबेरा त्या जेलीतून सफरचंदावर आला असता तर जेली आधी आणि ठिपके मागून यायला हवे होते. काकूंनी जेली पाहिली ऑगस्टमध्ये, ठिपके जूनपासूनचे. उलट दिशेने म्हणावं, तर सफरचंदाच्या पानांवरून ज्युनिपरला रोग जाऊन दीड-दोन महिन्यांत जेली फुटणं या बुरशीच्या कालगणनेत बसत नाही. शिवाय रोप आलं ते हिवाळ्यात, पानगळ झालेलं. हा तांबेरा सफरचंदाच्या पानांवर वाढतो आणि गळलेल्या पानांबरोबर संपतो, म्हणून बिनपानाच्या रोपातून तो हिमाचलहून कोथरूडला येण्याची शक्यता फार थोडी.

काकांनी विचारलं, "पण मग औषध मारल्यावर गेली कशी?" औषधाने नाही, उन्हाने. ही जेली वाळली की कागदासारखी पातळ होते, डोळ्यांना दिसतही नाही, आणि पाणी मिळालं की फुगते. सोमवार-मंगळवारच्या उघडिपीत ती सुकली, गुरुवारच्या पावसाने भिजली. कोणीही काहीही फवारलं नसतं तरी हेच घडलं असतं. असल्या योगायोगामुळे कितीतरी औषधांना गुण चिकटतो, आणि कितीतरी झाडांना दोष.

नमुना मी कागदी पाकिटात घेतला. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो घामेजून कुजतो आणि दुसऱ्याच बुरशा वर चढतात. महाविद्यालयात टाचणीच्या टोकाएवढा तुकडा पाण्याच्या थेंबात दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तांबेरा असता तर दोन कप्प्यांचे, जाड भिंतीचे, लांब देठांवरचे बीजाणू दिसले असते. ते देठच पाण्यात विरघळून जेली बनवतात. इथे तसलं काही नव्हतं. दिसल्या त्या बारीक दोन फाट्यांच्या पेशी, इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराच्या. ही डॅक्रिमायसिस गटाची खूण आहे. या बुरशा मेलेलं लाकूड खातात, त्यातही सूचिपर्णी झाडांचं लाकूड त्यांना फार आवडतं. त्यांचा केशरी रंग गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटीन वर्गातल्या द्रव्यांचा. जिवंत फांदीला त्या लागत नाहीत. नेमकी जात कोणती हे सांगायला मोजमापं, संवर्धन, कदाचित डीएनएही लागला असता. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह आहे आणि तिथे ही ओळख पटवून मिळते. पण निर्णयासाठी गट कळणं पुरेसं होतं, म्हणून मी नमुना पुढे पाठवला नाही. खरोखर फुगलेल्या जिवंत फांदीतून जेली निघाली असती तर मात्र तो नमुना मी त्याच दिवशी तिथे नेला असता, कारण पुण्यात तो नोंदवण्याजोगा प्रकार ठरला असता. ज्युनिपर आपल्याकडे हिमालयातलं झाड, तिथे ते नाशपाती-सफरचंदाच्या भावकीशेजारी वाढतं. सह्याद्रीत ते रानात नाही.

दुसरी बुरशी

काकूंना वाटलं की झालं, सुटले. पण फांद्या चाचपताना वरच्या, जिवंत बाजूला माझं लक्ष अडकलं होतं. कोवळ्या शेंड्यांपैकी बारा-पंधरा शेंडे राखाडी झाले होते. काही अजून तांबूस, काही फिकट पिवळे. काकूंनी ते पाहिले होते, पण उन्हाने करपले असतील म्हणून सोडून दिले होते. पावसाळ्यात, शेडनेटखाली, उन्हाने.

पहिला संशय लाल कोळ्याचा, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीचा, घ्यायचा असतो, कारण पुण्याच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ज्युनिपरला तो हमखास लागतो. पांढरा कागद खाली धरून फांदी झटकली. एखाद-दुसरा ठिपका हलला, तेवढंच. कोळ्याने सबंध फांदी निस्तेज, धुळकट दिसते. इथे तसं नव्हतं. मेलेला शेंडा आणि त्याच्या खालचा हिरवा भाग यांच्यात स्पष्ट सीमा होती. त्या सीमेवर, दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून, राखाडी पट्ट्यात काळे, सुईच्या टोकाएवढे उंचवटे दिसले.

हे उंचवटे महत्त्वाचे. प्रयोगशाळेत त्यांतला एक फोडून पाहिला तेव्हा दोन प्रकारचे बीजाणू बाहेर आले: एक लांबट, दोन टोकांना एकेक तेलाचा थेंब असलेले, दुसरे दोऱ्यासारखे वाकडे. ही फोमॉप्सिसची ओळख. ज्युनिपरवर ही बुरशी शेंडेकरपा आणते. या रोगासाठी जी जात प्रसिद्ध आहे तिचं नाव फोमॉप्सिस ज्युनिपेरोव्होरा. ती कोवळ्या, पोपटी पानांतून शिरते, काडीत उतरते आणि काडीला वेढा घालते. वेढा पूर्ण झाला की त्याच्या पुढचं सगळं सुकतं. जून, गडद हिरवी पानं तिला दाद देत नाहीत, आणि पेन्सिलीहून जाड फांदीला ती सहसा वेढू शकत नाही. ओल असली की काळ्या उंचवट्यांतून बीजाणू बाहेर पडतात आणि पावसाच्या किंवा पाइपच्या शिंतोड्यांनी शेजारच्या शेंड्यावर जातात.

इथे बोन्सायची एक अडचण आहे आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. जमिनीतल्या ज्युनिपरला कोवळी फूट वर्षातून ठरावीक वेळी येते, मग ती जून होते आणि धोका टळतो. बोन्सायचे शेंडे आपण सतत खुडतो. दर खुडण्याला नवी फूट, म्हणजे बुरशीला कायम उघडं दार. काकूंनी जूनमध्ये शेंडे खुडले होते, जुलैमध्ये शेणखताचं पाणी दिलं होतं, म्हणजे फूट भरपूर आणि मऊ. वरून शेडनेट, खेटलेल्या कुंड्या, संध्याकाळचं पाणी, सकाळपर्यंत ओलीच राहणारी पानं. यातली एकेक गोष्ट चालून जाते. जून ते सप्टेंबर या काळात सगळ्या एकत्र आल्या की फोमॉप्सिसला याहून चांगलं काय हवं?

मी हे सांगत असताना काकू गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी केशरी बघत बसले आणि ही आतून खात होती." मी त्यांना सांगितलं की केशरी कोणालाही दिसतं, राखाडी पट्टा भिंगाशिवाय मलाही दिसला नसता. हे समजूत घालायला म्हटलं नव्हतं. ज्युनिपर पाळणाऱ्या प्रत्येकाकडे छोटं भिंग असावं असं माझं ठाम मत आहे. कात्रीइतकंच ते गरजेचं आहे.

काय केलं

आधी शेंडे कापले, पण त्या दिवशी नाही. पानं ओली असताना कापलं की कात्रीबरोबर बीजाणू फिरतात. तीन दिवसांनी कोरडी दुपार मिळाली तेव्हा काकूंनीच कापले, राखाडी सीमेच्या खाली दोन-तीन सेंटिमीटर जिवंत भागात, आणि दर शेंड्यानंतर कात्री सर्जिकल स्पिरिटने पुसून. कापलेलं सगळं कचऱ्यात बांधून दिलं. खताच्या खड्ड्यात टाकू दिलं नाही, कारण मेलेल्या काडीवरचे ते काळे उंचवटे बरेच महिने बीजाणू देत राहू शकतात.

मग कुंडी शेडनेटबाहेर, गच्चीच्या कठड्याजवळ आणली, चारी बाजूंनी वारा लागेल अशी. पुण्याचं ऑगस्टचं ऊन ढगाआडचं असतं, त्यामुळे एकदम बाहेर काढूनही झाड भाजलं नाही. मे असता तर असं केलं नसतं. पाणी सकाळी, झारीने, मातीत. पाऊस पडत असेल त्या दिवशी पाणी नाही. खुडणं आणि खत ऑक्टोबरपर्यंत बंद.

फवारणीवर पुतण्याशी फोनवर बोलणं झालं. त्याचा आग्रह होता की मारायचंच तर जोरदार मारू. शेंडेकरप्यावर बुरशीनाशकाचा उपयोग होतो तो नवी फूट झाकण्यापुरता. आत शिरलेली बुरशी त्याने निघत नाही आणि सुकलेला शेंडा हिरवा होत नाही. म्हणून कापणी झाल्यावर मँकोझेब, लिटरला दोन ग्रॅम, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा, एवढंच ठरलं. हातमोजे, नाकाला फडकं, आणि गच्चीवरची वाळत घातलेली उडीद-मूग आधी खाली. तो लगेच म्हणाला, "ताई, आमच्या बागेत भुरीला पण हेच, पान उघडं दिसलं पाहिजे, मग औषध." घडाभोवतीची पानं काढून हवा खेळती ठेवायची हे द्राक्षवाल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

केशरी जेलीचं काय? काकूंनी हे दोनदा विचारलं. पावसाळ्यात काही करू नका, असं मी सांगितलं. ती ज्या लाकडावर आहे ते आधीच मेलेलं आहे. मात्र तिच्याकडे अगदीच दुर्लक्षही चालणार नाही. डॅक्रिमायसिस लाकूड कुजवते, सावकाश का होईना, आणि ते लाकूड तपकिरी होऊन भुसभुशीत पडतं. बोन्सायमध्ये जिन हा झाडाच्या रूपाचा भाग, तो गळून पडला तर वीस वर्षांची घडण बिघडते. म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात, लाकूड चांगलं वाळल्यावर, मऊ झालेला थर सुरीने खरवडून लाइम सल्फर लावायचं ठरलं. ते लावताना पिवळं दिसतं, उन्हात पांढरं पडतं. कुंडीतली माती प्लॅस्टिकने झाकूनच लावायचं, मुळांना ते सोसत नाही.

सफरचंदाच्या ठिपक्यांच्या नमुन्यात अल्टरनेरिया या बुरशीचे आडव्या-उभ्या पडद्यांचे बीजाणू मिळाले. ओल्या हवेत सफरचंदावर हा पानठिपका येतो. काकांनी गळलेली पानं रोज उचलायला सुरुवात केली आणि ड्रममधून पाणी नीट निघेल अशी भोकं पाडली. ज्युनिपरपासून तो हलवायची गरज नव्हती. तो त्यांनी तरीही हलवला, कारण त्या कोपऱ्यात त्याला ऊन कमी मिळत होतं. त्याला माझी काहीच हरकत नव्हती.

पुढे

सप्टेंबरअखेरपर्यंत आणखी चार-पाच शेंडे राखाडी झाले, सगळे खालच्या, आतल्या बाजूचे. ते त्याच पद्धतीने कापले. ऑक्टोबरनंतर नवा एकही नाही. लाइम सल्फर लावलं तेव्हा एका जिनचं टोक सुरीखाली सहज निघून आलं, पेरभर लांबीचं. काकूंनी उरलेल्या लाकडाला तिरका काप देऊन त्याचं नवं टोक घडवलं.

फेब्रुवारीत, थंडी ओसरताना, कुंडी बदलली. तांबडी माती मुळांभोवतीची जेवढी निघाली तेवढी काढली, ओरबाडून नाही. नव्या मिश्रणात चाळलेला विटांचा चुरा, जाड वाळू आणि थोडं पानांचं खत. खालची मुळं काही ठिकाणी काळी होती, सालटं हाताला येत होती. तेवढीच कापली. ओल्या मातीचा तो परिणाम होता आणि झाड त्याला आणखी दोन पावसाळे सोसू शकलं असतं का, याबद्दल मला शंका आहे.

एक काम अजून बाकी आहे. बुंध्याच्या मागच्या बाजूला काकूंनी फार वर्षांपूर्वी साल काढून उघडा केलेला पट्टा आहे. तो मातीला टेकतो, म्हणून सगळ्यात आधी तिथेच ओल धरते. त्याच्या तळाशी सुई टोचली तर दोन मिलिमीटर आत जाते, वर जात नाही. दर ऑक्टोबरला तिथेच, त्याच जागी, सुई टोचून खोली लिहून ठेवायची आणि ती वाढायला लागली तर तळ मातीपासून अर्धा इंच उंच घेऊन झाड पुन्हा बसवायचं, असं आमचं ठरलं आहे. काकूंनी त्यासाठी कुंडीच्या नंबरची वही केली आहे आणि पहिली नोंद त्यात आहे.